मामा पंपावर राहिले, त्याबद्दल

जालना, सोमवार

तीर्थस्वरूप तातेराव मामांना प्रियदर्शनीचा वाकून नमस्कार.

जे घडले ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे त्यावर वाद राहणार नाही.

१. माझी सुपारी फुटायची होती त्या दिवशी मी तुम्हाला भोकरदनच्या स्टँडवरून स्कुटीवर घेतले.
२. गावाबाहेरच्या पंपावर पेट्रोल भरायला आपण दोघे उतरलो.
३. पेट्रोल भरून मी एकटी निघाले.
४. हे मला पिंपळगाव रेणुकाईला घरी पोचल्यावर कळले.
५. तुम्ही यायच्या आत मामाच्या मानाचा फेटा तुमचे चुलतभाऊ राजानंद मामा यांना बांधला गेला.
६. तुम्ही पाणीसुद्धा न घेता परत गेलात.
७. तेव्हापासून तुमचा फोन बंद आहे. मामींच्या फोनवरून एवढाच निरोप आला की लग्नात नवरीच्या मागे राजानंदलाच उभा करा.

रीतीप्रमाणे खुशाली आधी विचारायची असते. मी उलटे केले, कारण खुशाली विचारायला लागले की मी तिच्यातच अडकते आणि मूळ गोष्ट लिहायची राहते (मागच्या दिवाळीच्या पत्रात तसे झाले होते, त्यात फक्त तुमच्या म्हशीबद्दल होते). तर आता विचारते. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? मोसंबीचा ताण तोडला की बागेचे पाणी अजून बंदच आहे? इकडे मी बरी आहे. आई बरी नाही. माझं माहेर तुटलं, असे ती रोज भाकरी थापताना म्हणते आणि तेवढ्या वेळात भाकरी जाड होते. वडील जाड भाकरीबद्दल बोलत नाहीत, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते तुमच्या लक्षात येईल.

तुम्ही पंपावर का राहिलात, याची घरात तीन कारणे प्रचलित आहेत. आईचे कारण, लग्नाच्या विचारात पोरीचे ध्यान ठिकाणावर नव्हते. वडिलांचे कारण, मोबाईल. राजानंद मामांचे कारण असे की शिकलेल्या पोरींना माणसाची किंमत नसते (हे त्यांनी फेटा डोक्यावर असताना सांगितले). तिन्ही चूक आहेत. आमच्या बियाण्याच्या प्रयोगशाळेत एखादे बी उगवले नाही तर आम्ही त्याला आळशी म्हणत नाही, ते उगवायला ठेवलेल्या कागदात ओल किती होती ते बघतो. मी ही घटनाही तशीच तपासली.

माझ्या स्कुटीची टाकी सीटखाली आहे, म्हणून पेट्रोल भरताना दोघांनाही उतरावे लागते. भरण्याचा माझा क्रम ठरलेला आहे: किल्ली, सीट, झाकण, शून्य बघणे, पैसे, झाकण, सीट, किल्ली. हा क्रम मी मनात म्हणते, आणि तो आहे म्हणून टाकीचे झाकण आता कुठल्या पंपावर राहत नाही (क्रम ठरण्याआधी दोन राहिली). त्या दिवशी मी पैसे पाठवताच, पैसे मिळाल्याचे ओरडून सांगणारा तो डबा माझ्या कानाशी ओरडला. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता. अशा वेळी माझ्या डोक्यात फक्त क्रम उरतो, बाकीचे पुसले जाते. झाकण, सीट, किल्ली. क्रम बिनचूक पार पडला. क्रमात मामा नव्हते. मी कायम एकटीच पेट्रोल भरते, त्यामुळे मामा त्यात घालायची वेळच आली नव्हती.

पुढचा सगळा रस्ता मी बोलत होते. समोरासमोर मी फार बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावे लागते आणि बघता बघता वाक्य निसटते. स्कुटीवर ही अडचण नसते. रस्ता पुढे, ऐकणारा मागे. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, आणि केवळ तेवढ्यासाठी मी वडिलांना थांबवून तुम्हाला आणायला स्वतः आले होते. (ती गोष्ट पुढे लिहिते. मागे एकदा बोलून झाली आहे.) तुम्ही मधे एक शब्द बोलला नाहीत. मला फार बरे वाटले. आमच्या घरात कोणी इतका वेळ न तोडता ऐकून घेत नाही. एका खड्ड्यापाशी मी ‘नीट धरा’ म्हणाले आणि तुम्ही धरले असे मानले. चढावर गाडी हलकी ओढत होती, हेही माझ्या लक्षात आले होते. त्याचे श्रेय मी नव्या पेट्रोलला दिले. मधेच मागून तुमच्या फोनचा कोंबडा आरवला. थांबला, पुन्हा आरवला, बराच वेळ आरवत राहिला. तुम्ही उचलला नाही. माझे बोलणे तोडायचे नाही म्हणून मामा फोन घेत नाहीत, असा मी अर्थ काढला, आणि रस्ता लांबावा म्हणून गाडी हळू केली. असे मी सहसा करत नाही.

दारात आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ‘मामा कुठं हायेत?’ तिने विचारले. मी म्हणाले, ‘मागे.’ आईने माझ्या मागे बघितले, मग मी बघितले. सीट होती.

पाहुणे येऊन बसले होते. मी गाडी वळवली तर वडिलांनी किल्ली काढून घेतली. नवरी मुलगी सुपारीच्या वेळेला भोकरदनच्या रस्त्यावर कशी चालेल? मामांसाठी थांबूया, असे मी म्हणाले. एकदाच आणि हळू म्हणाले, त्यामुळे ते कोणाच्या कानावर गेले नाही. मुहूर्त टळतोय, पाहुणे खोळंबलेत, वरण गार होतंय, अशा चढत्या क्रमाने विचार झाला आणि फेटा राजानंद मामांकडे गेला. त्याचा शेवटचा पीळ बसत असताना दारात बकऱ्यांची पिकअप थांबली आणि तिच्यातून तुम्ही उतरलात. तुमच्या नव्या धोतरावर काय काय होते त्याचे वर्णन करत नाही. तुम्ही फेट्याकडे बघितलेत, म्हणालात, ‘बरं झालं. काम अडलं न्हाई ना?’ आणि त्याच पिकअपमध्ये परत चढलात. तुम्ही ओरडला असतात तर मला सोपे गेले असते. ओरडणे मला कळते.

परवा मी त्या पंपावर पुन्हा गेले. पेट्रोल भरायचे नव्हते. तुम्ही उभे होतात तिथे उभे राहून गाडी जाताना कशी दिसते ते मला बघायचे होते. पंपाचा कारभार बघणारे राधेश्याम यांनी मला लगेच ओळखले. ‘त्या बाबाची भाची ना तुम्ही?’ म्हणाले आणि आत नेऊन कॅमेऱ्याचे चित्र दाखवले. त्यांनी ते जपून ठेवले आहे. का, ते मी विचारले नाही, पण कुठे हसायचे ते तिथल्या सगळ्या पोरांना पाठ होते. चित्रात तुम्ही टोपी नीट करता, उपरणे खांद्यावर टाकता, बसायला उजवा पाय उचलता, आणि गाडी जाते. पाय हवेतच. तुम्ही पायाकडे बघता. मग तो सावकाश खाली ठेवता. मला एकच गोष्ट कळेना, तुम्ही हाक का मारली नाही? राधेश्याम म्हणाले, ‘मी म्हणलं, बाबा, गाडी गेली ना तुमची, जल्दी फोन लावा कुणाला. तर म्हणले, गाडी न्हाई ती, भाची हाये. येईल आठवलं की. आन् बसले ना निंबाखाली चहा पीत.’

यावरून राग माझ्यावर नसून फेट्यावर आहे, असे अनुमान निघते. पण अनुमान म्हणजे निकाल नव्हे.

आता ती गोष्ट. एकदा बोलून झाली आहे, दुसऱ्यांदा सोपी जाईल, असा माझा अंदाज होता. तो चुकला. हा परिच्छेद मी तिसऱ्यांदा लिहीत आहे. मामा, गेल्या पावसाळ्यात मी संभाजीनगरच्या एका डॉक्टरबाईंकडे जाऊन तपासून घेतले. मी ऑटिस्टिक आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. मी स्वतःत क्वचित मग्न असते, बहुतेक वेळ बियांत असते. हा आजार नाही, जन्मापासूनची घडण आहे. तिच्यावर गोळी नाही, आणि मला नकोही. आवाज मला जास्त लागतात, चेहरे मला कमी कळतात, आणि माझे विसरणेही बरेचसे त्या घडणीतले आहे. बाईंनी ते मला बराच वेळ समजावले. तुमच्यासाठी थोडक्यात लिहिते. विहिरीवर मोटार एकच आहे आणि तिचा जोर एका वेळी एकाच कॉकला पुरतो. मोसंबीचा कॉक उघडा असला की गव्हाला पाणी जात नाही. गव्हावर राग नसतो.

मला कुतूहल वेगळ्याच गोष्टीचे आहे. हेच डोके प्रयोगशाळेत काही विसरत नाही. तिथे प्रत्येक वस्तूला जागा आहे आणि प्रत्येक जागेला चिठ्ठी, म्हणजे आठवण्याचे काम भिंतीच करतात. म्हणून जालन्याच्या भाड्याच्या खोलीवर मी तसेच सुरू केले. आईची पदराला गाठ मारण्याची युक्ती आधी करून पाहिली होती; संध्याकाळी ओढणीला चार गाठी होत्या आणि एकीचेही कारण आठवेना. गाठ काहीतरी आहे एवढेच सांगते, काय आहे ते सांगत नाही. म्हणून आता मी वस्तूच वाटेत ठेवते. जेवणाचा डबा फ्रीजमध्ये राहायचा, तर रात्री स्कुटीची किल्ली त्या डब्यावर ठेवते. किल्लीशिवाय घराबाहेर पडताच येत नाही. (घरमालकीण मंजूभाभींनी बर्फासाठी फ्रीज उघडला आणि गल्लीत सांगितले की पोरगी चांगली आहे, फक्त किल्ल्या थंड करते.) विजेचे बिल चपलेत ठेवते. वस्तूंचे असे जमले आहे. माणसे वाटेत ठेवता येत नाहीत.

माझे ज्याच्याशी ठरले त्या कल्याणला हे मी सुपारीच्या आधीच सांगितले. तो म्हणाला, ‘मंग? मला बी पत्ता शोधताना गाडीतलं गाणं बंद करावं लागतंय.’ तुलना बरोबर नाही, पण दिशा बरोबर आहे. आपल्या माणसांत मात्र पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचे असे मी ठरवले होते. लहानपणी सुट्टीत मी तुमच्या बागेत मोसंबीचे ढीग आकाराप्रमाणे लावत बसायचे. पाहुणे विचारायचे, ‘पोरगी बोलत न्हाई का काय?’ बाकीच्या घरांत अशा वेळी मला गाणे म्हणून दाखवायला लावत. तुम्ही म्हणायचात, ‘कामात हाये ती,’ आणि पाहुण्यांना विहिरीकडे घेऊन जायचात. डॉक्टरबाईंनी जे लिहून दिले आहे त्यात याहून फार वेगळे काही नाही.

असो. हे सगळे केवळ माहिती म्हणून कळवले. मागणी काही नाही. मामींना नमस्कार, म्हशीला काय सांगायचे ते तुम्ही सांगा.

तुमची भाची
प्रियदर्शनी

ता. क. स्टँडवर ठेवून घेतलेली तुमची पिशवी माझ्या स्कुटीच्या डिकीतच आहे हे मला काल समजले. नारळ, टॉवेल आणि फोन. म्हणजे कोंबडा डिकीतून आरवत होता. मामांनी फोन बंद करून ठेवला, एवढा राग, असे आई आठवडाभर सगळ्या नातेवाइकांना सांगत आहे; फोनची बॅटरी आमच्याच अंगणात संपली होती. त्यामुळे हिशेबातून तेवढा राग मी वजा केला आहे. पिशवी परत मागणे तुमच्या रुसण्यात बसत नसणार, हे समजू शकते. फोन चार्ज करून पिशवीसह पाठवत आहे. आमच्या ऑफिसातली नेहल तुमच्याच बाजूला, अंबडला माहेरी निघाली आहे, हे पत्रही तिच्याच हाती देते. (पिशवी तिच्या हातात देईपर्यंत माझी चप्पल पिशवीत आहे. देताना काढून घेईन. एकच चप्पल निघाली तर परत पाठवावी.)

आणखी एक. डॉक्टरबाईंचे आईला अजून सांगितलेले नाही. सांगायचे आहे. तेव्हा तुम्ही शेजारी बसलात तर ती रडताना तुमच्याकडे बघेल आणि मला बोलता येईल.

आणखी एक, आणि हेच लिहायला बसले होते. मागणी काही नाही असे वर लिहिले ते खरे नाही. मंगलाष्टकांच्या वेळी पुढे अंतरपाट, बाजूला बँड, डोक्यावर स्पीकर आणि चारी बाजूंनी अक्षता. पंपावर होते त्याच्या कितीतरी पट. त्यात माझ्या डोक्यात काय उरेल ते मला सांगता येत नाही. तुझ्या मागे मामा आहेत हे लक्षात ठेव, असे मला सगळे सांगतील, आणि मी विसरेन. म्हणून मामा, मागे तुम्ही उभे राहा आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवा. बोलू नका, हलवू नका, नुसता ठेवा. हात असला की मागे कोण आहे ते मला आठवावे लागणार नाही. तेवढ्यासाठी राजानंद मामांचा हात चालणार नाही. त्यांचे लक्ष फेट्याकडे असते.

शुक्रवारी पत्रिका छापायला जातात. मामाच्या नावाची जागा मी कोरी ठेवली आहे. येता की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवावे.