वत्सलाचा निवडुंग

मुलुंड, रविवार, ८ जानेवारी १९५६

निवडुंग वाचेल बहुतेक. बुडाशी मऊ पडला होता. एवढं पाणी का घालत होते मी? माझी नणंद वत्सला स्वतःच्या मनाने लग्न करून गेली, तेव्हा ही कुंडी माझ्या हातात देऊन गेली. सासूबाई तिचं नावसुद्धा काढत नाहीत. काट्याचं झाड घरात नको, हेच वर्षभर चाललंय.

आज वर्तमानपत्राची जाड पट्टी त्याला गुंडाळली, ती धरून सुरीने हिरवा शेंडा कापला. तरी अंगठ्यात काटा गेलाच. शेंडा लगेच मातीत खोचून पाणी घालणार, तर मागून सासूबाई, "अगं, ओली जखम मातीत घालतेस? कुजेल. आठ दिवस सुकू दे." आणि स्वतःच चुलीतली राख आणून कापलेल्या जागी लावली. मला वाटलं होतं, फेकून देतील.

अंगठा अजून ठणकतोय. काटा त्यांनीच सुईने काढला, माझा हात मांडीवर घेऊन. मान वर न करता म्हणाल्या, "मूळ धरलं की तिला कळव. येऊन बघून जा म्हणावं."

तिला म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही.