खदानीच्या पाण्यातलं चालणं

बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला रोज कोमट पाण्याच्या हौदात चालवतात. तिथली फिजिओथेरपीवाली पोरगी काल मला समजावत होती, "आजी, पाण्यात सांध्यांवर भार येत नाही, सूज उतरते, तोल गेला तरी पडायची भीती नाही." हे सगळं मला मरोळच्या खदानीत शिकवून झालंय, हे त्या पोरीला काय सांगू? पण तुम्हाला सांगायचं एक राहून गेलंय, ते तेव्हा आठवलं.

सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल, मी नऊ वर्षांची. मांडीचं हाड मोडून तीन महिने प्लास्टरमध्ये पडलेली, आणि प्लास्टर काढलं तर आत शेवग्याच्या शेंगेसारखा पाय. टेकला की मी किंचाळायचे. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, नाहीतर जन्मभर लंगडेल. तुम्हाला पाणी ठाऊक ते एकच. ज्या खदानीत तुम्ही दगड फोडलेत, ती बंद पडून काठोकाठ भरली होती. आई दारात आडवी उभी राहिली. "तुमचो जोडीदार थंय गाडलो गेलो, आणि त्याच पाण्यात ह्या चेडवाक न्हेतास?" सुरुंग लावायची पाळी त्या दिवशी तुमची होती. तुम्हाला ताप होता म्हणून तुमच्या जागी तो गेला, कडा त्याच्यावर कोसळला, आणि त्याला बाहेर काढता आलंच नाही. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, मलासुद्धा. तुम्ही एवढंच म्हणालात, "तिका चलूक नको?"

तुम्हीच फोडलेले टप्पे पाण्याखाली जिन्यासारखे उतरत जातात. सुरुवातीला तुम्ही मला छातीभर पाण्यातल्या टप्प्यावर उभी करता, कारण तिथे अंगाचं ओझं पाणीच घेतं. पाय जरा भरला की कमरेएवढ्या पाण्यात, मग गुडघ्याएवढ्या. वरच्या दर टप्प्याला माझं थोडं वजन मला परत मिळतं. सकाळचं ऊन असतं, तरी पाणी काळंच. खाली बघत तुम्ही हळूच म्हणता, "माझा चेडू आसा रे. सांभाळ." मग मी पाऊल उचलायला जाते आणि खालून माझी टाच कुणीतरी तळहातावर घेतं. थंड, खरखरीत तळहात. तुमचे दोन्ही हात माझ्या काखेत असतात.

बाहेर आल्यावर पंच्यानं माझा पाय पुसताना तुम्ही रोज विचारायचात, "पायाक काय लागला गो?"

"नाय."

"नक्की मा?"

"नाय म्हटलं ना."

हो म्हटलं असतं तर तुम्ही घाबरून मला न्यायचं बंद केलं असतं, आणि मला चालायचं होतं. पावसाळ्याआधी मी शाळेत चालत गेलेही. माझं 'नाय' ऐकून तुम्ही मान खाली घालायचात. मला वाटायचं, चला, यांची काळजी मिटली. तुम्ही वारल्यावर आई म्हणाली, "'तो माझ्यार रागावलेलो आसा', ह्याच म्हणत गेले ते."

म्हणजे तुम्ही रोज माझा पाय पुसत त्या जोडीदाराची खबर विचारत होतात, आणि मी मूर्ख, तुम्हाला धीर देतेय असं समजत होते.

खदान बुजवून तिथे इमारती उभ्या राहिल्या. हे पत्र टाकायचं तरी कुठे? तो रोज असायचा, बाबा. तुमच्या पोरीची टाच फार जपून उचलायचा. मी खोटं बोलले.