भिंतीला हात आधी कुणाचा

४ जून
सापडली! बाबांच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली — ताईच्या-माझ्या पोहण्याच्या शर्यतीची टेप! त्यांचा कॅमेराही तिथेच. चार्जरला लावला तर चक्क सुरू झाला. आता ताईची खैर नाही.

वीस-बावीस वर्षं ऐकतेय. चार माणसं जमली, शर्यतीचा विषय निघाला, की बाईसाहेब हसत हसत सुरू — "मनात आणलं असतं तर मी पहिली आले असते." हरलेला प्रत्येक जण हेच म्हणतो! पहिली मी आले. थोडक्यात आले, पण आले. पुढच्या प्रशिक्षणाला एकच जागा होती, ती मला मिळाली. म्हणून आज मी पोहणं शिकवते आणि ती लोकांचे दात उपटते. रविवारी ती सगळा गोतावळा घेऊन जेवायला येतेय. सगळ्यांसमोर टीव्हीवर लावणार. एकदाचा सोक्षमोक्ष!

५ जून
टेप कॉम्प्युटरवर उतरवली. शी! चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं, मोठं केलं की नुसते चौकोन. माणसं आहेत की विटा, कळेना. नवरा म्हणतो, "यातली तू कोणती? डावीकडची वीट?" आज त्याला चहा नाही.

६ जून
चिंगीला फोन. कॉलेजातली मैत्रीण, लग्नाची शूटिंगं एडिट करते. आधी मनसोक्त शिव्या घातल्या — "गाढवे, यूएसबीने कशाला काढलीस? त्यातून या कॅमेऱ्याचं चित्र बारीकच येतं. फायरवायरची केबल लाव, टेपवर आहे ते जसंच्या तसं उतरेल. आणि माझा जुना कॉम्प्युटर ने, नव्यांना ते भोकच नसतं!"

७ जून
काय फरक! बाबांचा आवाजसुद्धा खणखणीत — "हात मार! हात मार!" नक्की कुणाला ओरडतायत, देव जाणे. दोघी त्यांच्याच.

मध्ये मध्ये चित्र तुटत होतं. चिंगीने सांगितलं तसे बाकीचे प्रोग्रॅम बंद केले, कॅमेऱ्यात टेप वाचणारं हेड साफ करायची खास टेप फिरवली. तुटणं थांबलं.

मग मी शहाणपणा केला. उजेड वाढवला, रंग वाढवले, चित्राची धार वाढवली. पाणी जांभळं झालं आणि पंचांच्या मिशीला हिरवी कडा आली! अति तिथे माती. सगळं पुसून परत मूळ फाइल घेतली.

८ जून
ताईला सांगितलं. वाटलं, हसेल. तर म्हणाली, "कशाला उकरून काढतेस गं? टाकून दे ती टेप."

घाबरली! ताई घाबरली!! आज भांडी घासताना मोठ्याने गाणं म्हटलं.

९ जून
एकच अडचण. नेमके भिंतीपाशी हात येतात तिथेच कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. रेघा घालवायचं बटण दाबलं, तर दोन हातांचे चार झाले, भुतासारखे पुसट, आणि सगळेच भिंतीला!

चिंगी म्हणाली, "अगं, या कॅमेऱ्यात एक चित्र म्हणजे दोन अर्धी चित्रं, एकामागून एक घेतलेली. तू दोन्ही कालवून ठेवलीस. ती वेगळी कर. सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास चित्रं मिळतील. कुणाचा हात आधी, लख्ख दिसेल."

बाई गं, तुझे पाय धुऊन पाणी प्यायला हवं! उद्या सकाळी बसते. टीव्हीला जोडायची केबल काढून ठेवलीय.

१० जून
एकेक चित्र पुढे सरकवत गेले. सगळं स्वच्छ दिसतंय. ताईचा हात आधी येतो. भिंत वीतभर राहते आणि हात तिथेच थांबतो. तिची मान माझ्याकडे वळलेली. माझा हात टेकतो. मग तिचा.

तिला फोन लावला. नुसती रडत सुटले.

"पाहिलंस ना शेवटी?" ती म्हणाली. "रडू नकोस, वेडे. ती जागा तुला हवी होती. मला नुसतं पोहता येत होतं."