पुलपिटावर बाई नको

सोमवार, २ तारीख

आज फार मजेत आहे. चर्चच्या नव्या पाळकाच्या डोक्यात खूळ शिरलंय, आपल्या ल्यूथरन मंडळीत बायकांनीही त्या उंच पुलपिटावर चढून प्रवचन करावं म्हणे. आणि पहिली बाई कोण? आमच्या सूनबाई! धर्मशास्त्राचा कोर्स केलाय ना. चहात साखर किती, ते अजून कळत नाही. रविवारी उपासनेनंतर मीटिंग, मग मतदान. माझ्या जिवात जीव असेतो हे होणे नाही. कितीतरी दिवसांत अशी मजा नव्हती.

मंगळवार

सुनेला सुनावलं. बायबलात पौलानं स्वच्छ लिहिलंय, बायकांनी मंडळीत गप्प बसावं. तर म्हणते, आई, मग दर रविवारी प्रवचन चालू असताना 'छे, तसं नाही ते' असं पहिल्या बाकावरून कोण म्हणतं? मी म्हटलं, ते बोलणं नव्हे, ती दुरुस्ती. वर मलाच शिकवते, ल्यूथर म्हणायचा की विश्वासानं माणूस मोकळा होतो, बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच, म्हणजे देवाचा पुजारीच. म्हणाला असेल. त्यात ही कुठून आली? ल्यूथरलाही बायको होती. घरात बसून बीअर गाळायची म्हणे. हिला तेवढंही जमायचं नाही.

जुना चष्मा सापडत नाहीये. कुणी घेतला ते ठाऊक आहे, पण मी बोलत नाही.

गुरुवार

बाईनं बोलायचं नाही, म्हणून मीटिंगमध्ये माझ्या जागी हे बोलणार. दाढी करताना ह्यांच्याकडून तीन पॉइंट पाठ करून घेतले. एक पौल, दोन परंपरा, तिसरा मीच विसरले. ह्यांना म्हटलं, आता बोलून दाखवा. म्हणाले, गालाला साबण आहे. चाळीस वर्षं ह्यांच्या गालाला साबणच आहे. असो, तयारी पक्की.

रविवार, दुपार

जिंकले! हे उभे राहिले, खाकरले, 'हिला विचारा' म्हणाले आणि बसले. बुळे कुठले. मग मला उठावंच लागलं. मागचे ओरडले, ऐकू येत नाही. पाळक म्हणाला, माइक वर पुलपिटावर आहे, आजी, या. नाइलाजानं चढले.

वरून काय सुंदर दिसतं हो! सगळी टकलं एका नजरेत. पौलापासून सुरुवात केली, मग माझ्या सासूची गोष्ट आठवली, त्यावरून क्षमा, त्यावरून माझं गुडघ्याचं ऑपरेशन. लोक हसले, खजिनदार तर डोळे पुसत होता. पाळक घड्याळाकडे बघत होता, त्याला मुद्दा टोचला असणार. उतरले तेव्हा टाळ्या! मतदान संध्याकाळी. आता काय, औपचारिकता.

रविवार, रात्र

ठराव पास झाला. बायकांना प्रवचनाची परवानगी. खजिनदार म्हणाला, आजींचं ऐकल्यावर शंकाच उरली नाही. मेंढरं! विरोधात एकच हात, माझा. ह्यांचा हात खिशात, म्हणे रुमाल शोधत होतो.

पुढचा रविवार

सून बोलली. जेमतेम बारा मिनिटं. गोष्ट एकही नाही, सासूचा उल्लेखही नाही. तरी बायका रडल्या. त्यांना काय, सवय आहे.

नंतर पाळकाला सहज विचारलं. मला हौस नाही, पण ठराव झालाच आहे, तर माझा नंबर कधी? कोकरासारखा हसला. म्हणाला, आजी, कमिटीनं नियम केलाय, पुलपिटावर आता कोर्स केलेल्यांनीच चढायचं. मी विचारलं, हा नियम कधी केला? म्हणाला, तुम्ही बोललात त्याच रात्री.

घरी आल्यावर सून म्हणाली, आई, मी बोलू का कमिटीशी? काही गरज नाही म्हटलं. हे म्हणाले, तू घरी बोल की. ह्यांना नुसता चहा दिला, बशी नाही.

मी मुळात म्हणतच होते, बाईनं मंडळीत गप्प बसावं. उद्यापासून मी गप्प. सकाळी लवकर निघायला हवं, घरोघरी जाऊन सांगायचंय.