थकायचा पहिला मान माझा

१७ नोव्हेंबर
मेल्बाला तीन आठवड्यांची भरपगारी रजा. कारण, बर्नआउट. लोकांची दुःखं ऐकून ऐकून माणूस आतून संपतो म्हणे. ती काल-परवा नोकरीला लागलेली. मी या समाजकल्याण कचेरीत किती वादळं आणि किती मेयर आले-गेलेले पाहिले! थकायचा पहिला मान माझा. एरवी तोंडाने 'कूया, कूया', म्हणजे मोठा भाऊ. रजा घेताना भाऊ आठवला नाही.
मला तिचा हेवा वाटत नाही. लिहून ठेवलेलं बरं.

१८ नोव्हेंबर
मेल्बाच्या सगळ्या केसेस माझ्या गळ्यात. आमच्या कचेरीप्रमुख फेलिसा मॅडम म्हणाल्या, क्रिसान्तो आहे म्हणून मी निर्धास्त आहे. मी हसलो. हे हसणंच नडतंय.
संकल्प : उद्यापासून थकलेलं दिसायचं.

२० नोव्हेंबर, सकाळी
आरशासमोर सराव. खांदे पाडले, डोळे अर्धे मिटले. बायको म्हणाली, रोज असेच तर दिसता. हिला अभिनयातलं काही कळत नाही.

दुपारी
शाळेतल्या वादळग्रस्तांच्या छावणीत एक म्हातारी माझा हात धरून रडली. घर वादळात गेलंय, मुलगा मनिलाहून फोनही करत नाही. मला काहीच वाटलं नाही. पूर्वी रात्रभर झोप लागायची नाही. अनुभवाने माणूस पक्का होतो तो असा. मेल्बाने शिकण्यासारखं आहे.

२४ नोव्हेंबर
मेल्बाचा फेसबुकवर फोटो. गिमारास बेट, पाय वाळूत, हातात शहाळं. थकलेली माणसं अशी दिसतात? लाइक केलं नाही. मग केलं, नाहीतर लोक म्हणतील पोटात दुखतंय. मग पुन्हा काढलं. तेवढ्यात तिचा मेसेज, कूया, जपा हं. आगाऊ!

२६ नोव्हेंबर
घरी जायला ट्रायसिकल रिक्षा केली, तर त्या बहाद्दराने छावणीच्या दारात उतरवलं. म्हणे तुम्हीच सांगितलंत. हल्ली कोणी नीट ऐकत नाही.

२८ नोव्हेंबर
शेवटी मीही माझी तपासणी मागितली. फेलिसा मॅडम म्हणाल्या, तुला काय धाड भरलीय? पण मिस अब्रेगोंची वेळ घेऊन दिली. प्रांतातल्या सगळ्या थकलेल्यांना त्याच तपासतात. मेल्बालाही त्यांनीच रजा दिली.
बेत पक्का : हसायचं नाही. योग्य जागी रडायचं. दुसऱ्याची विचारपूस अजिबात नाही.

२ डिसेंबर
खांदे पाडूनच आत गेलो. मिस अब्रेगोंनी विचारलं, कसं वाटतंय? त्यांचे डोळे लाल होते. माझ्या तोंडून सवयीने गेलं, जेवलात का? इथे कोणीही कोणालाही विचारतं, त्यात विशेष काही नाही. पण त्या म्हणाल्या, कालपासून नाही. मग काय करणार! डब्यातला भाताचा केक दिला. खुर्ची समोरून काढून त्यांच्या शेजारी घेतली, आमच्या कामात तसंच शिकवतात. त्या रडल्या. साऱ्या प्रांताचा थकवा रोज त्यांच्या टेबलावर येतो आणि त्यांना कोणी विचारत नाही. मी ऐकत राहिलो, मधे मधे मान हलवली. मुलाखत झकास झाली.
परतताना लक्षात आलं, माझ्याबद्दल बोलायचं राहिलं. पण खांदे त्यांनी पाहिले असतीलच.

५ डिसेंबर
निकाल आला. माझी मनःस्थिती उत्तम. मिस अब्रेगो स्वतःच महिनाभर रजेवर. त्यांच्या खास शिफारशीवरून आपल्या भागातल्या थकलेल्या कर्मचाऱ्यांचं आता मी ऐकायचं. केसेस आहेतच. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसाठी पान्सित नूडल्स मागवल्या. मी हसलो.

८ डिसेंबर, सकाळी
माझी पहिली थकलेली कर्मचारी, मेल्बा. कामावर घ्यायची की नाही, हे मी ठरवायचं. उन्हाने रापलीय, गाल भरलेत. माझ्यासाठी सुकी मासळी आणली होती. मी कोरडेपणाने विचारलं, झोप लागते? भूक? तिने नीट उत्तरं दिली. मग म्हणाली, "कूया, तुम्ही कसे आहात?"
मजेत, असं म्हणायला तोंड उघडलं. आणि मी टेबलावर डोकं टेकलं. जरा बघावं म्हणून. मग उचलताच येईना.
मेल्बा हळूच उठली, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. व्हरांड्यात बसलेल्यांना सांगताना तिचा आवाज ऐकू आला, "थांबा जरा, कूया कामात आहेत."
थकलेत, असं म्हणायला काय झालं होतं?