चावी माझ्याकडेच येणार

१० नोव्हेंबर, सोमवार

आणि वर म्हणे बोर्ड कोरा आहे. कोरा द्यायचाच कशाला? आम्ही कोणाच्या घरी रिकामी टोपली पाठवतो का? मासे सुकवायचा ड्रायर बसवणारे आले, आम्हा बायकांना पुढे उभं करून फोटो काढला, गेले. पत्र्याची खोली आहे, वर काच आहे, आत जाळीचे कप्पे, मागे पंखा. सगळं आहे. पण पंखा कधी फिरायचा, कधी थांबायचा, हे त्याला सांगायचं साबणाच्या वडीएवढ्या बोर्डाने. आणि बोर्डाला सांगायचं आम्ही. म्हसळ्याहून शिकवायला येतात ते विनेश सर म्हणाले, ताई, प्रोग्राम तुम्हीच लिहा, म्हणजे उद्या बिघडलं तर आमची वाट बघायला नको. हे बरं आहे. जेवायला बोलवायचं आणि चूल पेटव म्हणायचं.

बचत गटातून शिकायला आम्ही दोघी. मी आणि माझी धाकटी जाऊ हेमांगी. अध्यक्ष सखुबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, जिच्या प्रोग्रामने पंखा चालेल तिच्याकडे ड्रायरची चावी. कोणाचे बोंबील आधी, कोणाचे नंतर, हे चावीवाली ठरवणार. म्हणजे वाडीत शब्द तिचा.

हेमांगी बारावी. मी चौथी. पण तिच्या पुस्तकात बोंबील नव्हता. मला बोंबील हाताला कळतो. परीक्षा नावालाच आहे.

निश्चय : दोन दिवसांत शिकायचं. कोणाला काही विचारायचं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हेमांगीला विचारलं. शिकायला नाही, तिला येतं का ते बघायला. येतं थोडंफार.

प्रोग्राम सोपा आहे. आत गरमी पन्नासच्या वर गेली की पंखा चालू, खाली आली की बंद. त्यावर गरमी गेली तर मासा सुकत नाही, शिजतो, असं सर म्हणाले. हे मला सांगतात! गरमी ओळखायला एक निळी डबी आहे. तिला बारीक भोकं, नाकपुड्यांसारखी. ती हुंगते आणि बोर्डाला कळवते.

एवढंच मराठीत सांगितलं तर माझी म्हैसही ऐकेल. पण नाही, इंग्रजीतच पाहिजे. सरांनी फळ्यावर लिहिलं, मी लॅपटॉपवर बघून बघून एका बोटाने उतरवलं. सगळं लाल झालं. सर म्हणाले, ओळ संपली की टिंब आणि खाली शेपूट द्या. मी म्हटलं, मासा साफ करताना आम्ही शेपूट आधी कापतो. हेमांगी तोंडाला पदर लावून हसली. तिचं काय, तिचं एका दमात झालं. घाईघाईचं काम.

संध्याकाळी शेपटं लावली. लाल गेलं. डोळ्यांतून पाणी. लॅपटॉपचा उजेड वाईट आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सिम्युलेशन. म्हणजे लुटूपुटीचं. स्क्रीनवर खोटा बोर्ड, खोटी डबी, खोटा पंखा. गरमीची पट्टी बोटाने सरकवायची. मी सरकवली आणि पंखा फिरला! खाली आणली, थांबला. पुन्हा केलं. पुन्हा. सरांनी लॅपटॉप मागितला, मी दिला नाही.

सर म्हणाले, हे अजून खरं नाही, ताई. आता खऱ्या बोर्डात लोड करायचं, मग कळेल. मास्तर लोकांना कोणाचं कौतुक करवत नाही.

परस्पर सखुबाईंना सांगून आले, मंगळवारी सगळ्यांचे ओले बोंबील ड्रायरमध्ये घाला, जबाबदारी माझी. त्या म्हणाल्या, नीरा, आधी एक टोपली घालून बघू. मी म्हटलं, एका टोपलीने चावीवालीची काय पत?

आमचे हे दारात जाळं शिवत होते. म्हणाले, मासा जाळ्यात न्हाय तवर वाटे कशाला पाडतेस? त्यांना जेवायला उशिरा वाढलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल दिवसभर लोड होईना. लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही. स्क्रीन म्हणते पोर्ट निवडा. मी म्हटलं, दिघी, जवळचं बंदर तेच. कोणी हसलं नाही. बोर्डावर हिरवा दिवा तर लागलाय. मला वाटलं गेला आत. हेमांगी म्हणाली, वयनी, तो लाइट आल्याचा दिवा हाय, प्रोग्राम गेल्याचा न्हाय.

सरांना फोनवर सुनावलं, कोरा बोर्ड देता तो देता, तोही बहिरा. आज सकाळी पुन्हा सुनावलं. मग हेमांगीने माझी केबल काढली आणि तिची लावली. माझी केबल घरच्या मोबाइलची, ती म्हणे नुसतं चार्जिंग करते, निरोप नेत नाही. तिच्या केबलने लगेच गेला. केबल तिची, पण प्रोग्राम माझा, हे मी तिथेच मोठ्याने सांगितलं.

गरम तवा निळ्या डबीजवळ धरला. पंखा भर्र फिरला. तवा नेला, थांबला. खराखुरा पंखा. तवा पुन्हा धरला, पुन्हा नेला.

सर फोनवर म्हणाले, शाबास, आता बोर्डाला हात लावू नका.

निश्चय : हात लावायचा नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

हात लावला नाही. पूजा केली. त्याला हात लावणं म्हणत नाहीत.

नवी होडी पूजेशिवाय पाण्यात घालतात का? नाळीला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावतात, नारळ वाढवतात, मग दर्या. मशीनची नाळ कुठे? मागे पंखा, म्हणजे पुढे नाक. निळ्या डबीला हळदकुंकू भिजवून चांगलं जाड लावलं. नारळ फोडला, पाणी वरून सोडलं. हेमांगी धावत आली. वयनी, पत्र्याला लावा, त्याला नको! मी म्हटलं, बारावीला देव शिकवत नाहीत वाटतं.

सगळ्यांच्या टोपल्या आल्या. कप्पे भरले. दार लावलं, कुलूप घातलं. सखुबाईंनी शब्दाप्रमाणे दिलेली चावी कमरेला. जड लागते. बरं वाटतं.

दुपार

पंखा फिरत नाही. अजून आत गरमी झाली नसेल.

ऊन कडक. काचेला हात लाववत नाही. बायका येऊन उभ्या. मी म्हटलं, मशीन विचार करतंय.

हेमांगी म्हणते, दार उघडा, हात घालून बघा. मी म्हटलं, हात घालायची जुनी रीत झाली. आता प्रोग्राम आहे. दार उघडलं तर गरमी जाईल आणि माझा प्रोग्राम वाया जाईल. सखुबाई म्हणाल्या, नीरा, चावी दे. मी म्हटलं, फिरेल. आत्ता फिरेल.

वास येतोय. सुकटीचा नाही. कालवणाचा.

संध्याकाळ

सखुबाईंनी माझ्या कमरेची चावी स्वतः काढून घेतली. दार उघडलं तर वाफ. बोंबील पाण्याचाच मासा, शिजला की उरतो काय? जाळीतून गळून खाली लगदा. सगळ्यांचा एकत्र. कोणाचा कुठला ते देवालाही सांगता येणार नाही. कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं.

लगदा मीच उपसला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सर आले. डबी काढली. नाकपुड्यांत कुंकू, आत नारळाचं पाणी. डबी गेली, म्हणून बोर्डाला काही कळलंच नाही आणि पंखा गप्प बसला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, प्रोग्राम बरोबर होता. हे मी तारखेसकट लिहून ठेवते. बाकी जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

नवी डबी बसवली. हेमांगीचा प्रोग्राम लोड केला. माझाच आहे, फक्त तिने एक ओळ जास्त लिहिली आहे. डबीकडून निरोप आला नाही तर पंखा चालूच ठेवायचा. संशयी बाई. तिने फक्त स्वतःच्या घरचे बोंबील घातले. म्हणजे आमच्याच घरचे. मला विचारलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सुकले. मोडून बघितला. कडक. वासही चांगला.

मीठ थोडं कमी आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गटाची मीटिंग. चावी हेमांगीला. सगळ्यांनी हात वर केले. माझाही गेला. बाजूच्या दोघींचे गेले म्हणून गेला. तिने मला वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतला नाही. म्हणाली, वयनी, बोंबील घालायचा कधी, काढायचा कधी, तुमीच सांगा. मी म्हटलं, बघू. माझ्याकडे वेळ कुठे आहे?

मग सखुबाई म्हणाल्या, ड्रायरमध्ये सगळा माल मावत नाही, उरलेला खळ्यात, उघड्यावर, दोरीवर सुकेल. तिथे कावळे, मांजरं राखायला नीराने बसावं. वाडीत हे काम आजवर दात पडलेल्या बायकांचं. माझे सगळे दात शाबूत आहेत. तरी कोणी काही बोललं नाही. आमचे हे पण नाहीत, आणि ते तर खिडकीतून ऐकत होते.

घरी येऊन सखुबाईंना निरोप धाडला. हे काम मी पत्करलं असं समजू नका. आधी स्पष्ट सांगा, खळं पूर्ण माझ्या हाताखाली की नाही? तिथे कोणी मला दार उघड, चावी दे असं म्हणणार नाही ना? येत्या शुक्रवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. शुक्रवार म्हणजे शुक्रवार, शनिवार चालणार नाही. आणि कावळ्यांसाठी काठी गटाची मिळणार की मी घरची आणायची, तेही त्यातच सांगा.