बाबांचं ताट

किथुंगो, १४ जून

प्रिय न्झिओकीदादा,

तुझं बंदरावरचं काम ठीक चालू असेल. अक्षर वाकडं आलंय म्हणून रागावू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे. तुझी लेक म्बिथे बरी आहे. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

आपला धाकटा भाऊ मुथामा गेल्याचं तुला कळलंय. डोळे पिवळेजर्द झाले होते, पोट टम्म फुगलेलं. त्याच्या आधी कुत्रा तसाच मेला होता. कलुंदेआत्याचं मात्र तुला कोणी नीट सांगितलं नसेल.

पावसात काढलेला मका चोरांच्या भीतीने बाबांनी ओलाच घरात भरला. आत्या आली होती. तिने मूठभर दाणे हुंगले आणि म्हणाली, "भाऊ, हा कोंबड्यांनाही घालू नकोस. खाईल तो जगायचा नाही."

मुथामाला पुरल्यावर लोकांना नेमकं हेच आठवलं. तिच्या तोंडून शाप निघाला म्हणाले, आणि दांडकी घेऊन निघाले. ती पळाली नाही. भाऊ आलेला पाहून तिनेच दार उघडलं. पहिला घाव बाबांचा. मग बाकीच्यांनी घर पेटवलं, ती आत असताना.

नंतर सरकारी माणसं आली, दाणे तपासून बुरशीचं विष आहे म्हणाली. बाबांनी कोयता उगारून त्यांना हाकललं. तेव्हापासून ते रोज तोच मका खातात. मी खूप विनवलं. ते शांतपणे म्हणाले, "मका वाईट ठरला, तर मी माझ्या बहिणीला कशासाठी मारलं, पोरी?"

मी म्बिथेचं आणि माझं वेगळं शिजवायला लागले. पण रविवारी त्यांनी म्बिथेला मांडीवर घेऊन घास तिच्या तोंडाशी नेला. मी ताट उडवलं. कोयता त्यांच्या हाताशीच होता. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तिथे राहिली. हाच हात धरून ते सुपात मक्याचे दाणे मांडायचे आणि मला अक्षरं शिकवायचे, आठवतं?

म्बिथेने घास गिळला नव्हता. बोट घालून मी तिचं तोंड दोनदा तपासलं. आम्ही मिशनच्या दवाखान्यात आहोत. तू घरी जाऊ नकोस, सरळ इथे ये आणि तिला घेऊन जा.

शेजारीण म्हणाली, बाबांचे डोळे पिवळे झालेत. मी निरोप धाडला, दवाखान्यात या. उलट निरोप आला, "मका संपला की येतो."

आत्याच्या कबरीशेजारी एकाची जागा आहे. मी ती कुणाला देऊ दिलेली नाही.

तुझी, आणि अजून त्यांचीही,
कस्योका